न दिसणाऱ्या प्रकाशाची दुर्बीण



इसवी सन १८०० मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल ह्या खगोलशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. हर्शेल मूळचा जर्मनीतील हानोव्हरचा आणि व्यवसायाने संगीतकार. आकाशाच्या वेडाने तो दुर्बिणी घडवू लागला आणि १७८१ साली युरेनस ह्या ग्रहाचा शोध लावून जगप्रसिद्ध झाला. त्याने सूर्याचा किरण लोलकातून पाठवून त्याचे सात रंग मेजावर पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून कोणत्या रंगात किती उष्णता आहे हे पाहिले. जांभळ्याकडून तांबड्याकडे येताना उष्णता वाढत गेली. पुढे त्याने तापमापक तांबड्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते अशा जागी ठेवला. तेथे पारा सर्वांहून अधिक चढला. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ह्या जगात आहे, हे त्या दिवशी मनुष्यास प्रथम कळले. त्यालाच आज अवरक्त प्रकाश म्हणतात.

ह्या अदृश्य प्रकाशाने आकाश पाहणारी एक प्रचंड दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेली. अमेरिका, युरोप आणि कॅनडा ह्यांच्या अवकाशसंस्थांनी मिळून ती उभारली. १९६१ ते १९६८ ह्या काळात अमेरिकेच्या नासा संस्थेचे प्रमुख असलेले जेम्स वेब ह्यांचे नाव तिला देण्यात आले. तिने टिपलेली चित्रे वृत्तपत्रांतून आणि दूरदर्शनच्या पडद्यावरून घरोघरी पोहोचली आहेत. परंतु चित्र पाहणे निराळे आणि चित्र वाचणे निराळे. ती वाचावी कशी, त्यांतून खरोखर काय कळले आणि काय कळले नाही, एवढाच आजच्या ह्या व्याख्यानाचा विषय होय.

प्रथम प्रश्न असा की, अदृश्य प्रकाशाचाच हव्यास कशासाठी? त्याची तीन कारणे आहेत. पहिले कारण विश्वाच्या प्रसरणाचे. विश्व फुगत चालले आहे, आणि अतिदूरच्या दीर्घिकांकडून, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांकडून निघालेला प्रकाश वाटेत विश्वाबरोबरच ताणला जातो. त्याच्या लहरी लांबत लांबत तांबड्याकडे सरकतात आणि शेवटी दृश्य प्रकाशाच्या सीमेबाहेर जातात. एके काळी निळा-पांढरा असलेला प्रकाश आपल्यापर्यंत येईतो अवरक्त झालेला असतो. दुसरे कारण धुळीचे. तारे जन्मतात ते वायू आणि धूळ ह्यांच्या दाट मेघांत. दृश्य प्रकाश त्या धुळीत अडतो, पण अवरक्त लहरी लांब असल्यामुळे बऱ्याच अंशी तीतून पार होतात. तिसरे कारण असे की, ग्रहांसारख्या थंड वस्तू स्वतःचा जो प्रकाश देतात तो मुख्यतः अवरक्तच असतो.

मग ही दुर्बीण जमिनीवर का उभारू नये? कारण आपल्या हवेतील वाफ अवरक्त प्रकाशाचा मोठा भाग शोषून घेते. शिवाय प्रत्येक उबदार वस्तू स्वतःच अवरक्त प्रकाश टाकीत असते. उबदार दुर्बिणीने अवरक्त आकाश पाहणे म्हणजे हातातील जळत्या मशालीच्या उजेडात काजवा शोधण्यासारखे आहे. म्हणून ही दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवर, म्हणजे चंद्राच्या जवळजवळ चौपट अंतरावर ठेवली आहे. तेथे सूर्य, पृथ्वी आणि चंद्र तिच्या एकाच बाजूस राहतात, आणि त्या तिघांकडे पाठ करून तिला थंड अंधारात पाहता येते. तिच्या पाठीशी टेनिसच्या मैदानाएवढे पाच पदरी छत्र आहे. त्याचा एकेक पदर केसाच्या जाडीचा अथवा त्याहूनही पातळ आहे. छत्राची सूर्याकडील बाजू उकळत्या पाण्याच्या जवळपास तापते, तर सावलीच्या बाजूस आरसे उणे २२० अंश सेल्सियसच्या आसपास गोठलेले राहतात.

आरसा साडेसहा मीटर व्यासाचा आहे. तो एकसंध नाही. बेरिलियम ह्या हलक्या आणि कठीण धातूच्या अठरा षट्कोनी तुकड्यांचा तो बनला आहे. अवरक्त प्रकाश परावर्तित करण्यात सोन्यास तोड नाही, म्हणून त्यावर सोन्याचा मुलामा आहे. हे सोने किती असेल? सारे मिळून सुमारे ४८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चार तोळे! एखाद्या सुवासिनीच्या अंगावर सणासुदीस ह्याहून अधिक सोने असते. इतक्या सोन्याने सुमारे २५ चौरस मीटरांचा आरसा मढवला, ह्यावरून तो थर किती पातळ असेल ह्याची कल्पना यावी.

ही दुर्बीण सहजासहजी उभी राहिली नाही. तिची पूर्वसूरी जी हबल दुर्बीण, ती १९९० साली अवकाशात गेली, परंतु तिच्यानंतर काय, ह्याचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. बाल्टिमोर येथील अवकाश दुर्बीण विज्ञान संस्थेचे पहिले संचालक रिकार्दो जाकोनी ह्यांनी १९८० नंतरच्या दशकातच आपल्या सहकाऱ्यांस पुढच्या दुर्बिणीच्या विचारास लावले. हबल अजून उडालीही नव्हती, तेव्हा १९८९ साली ह्या विषयावर शास्त्रज्ञांची परिषद भरली. आरंभीचा अंदाज शंभर कोटी डॉलरांच्या आसपासचा आणि उड्डाणाचे साल २००७ होते. प्रत्यक्षात खर्च सुमारे हजार कोटी डॉलरांवर गेला आणि उड्डाणास चौदा वर्षांचा विलंब झाला. जुलै २०११ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील खर्चविषयक उपसमितीने हे काम बंदच करावे असा प्रस्ताव मांडला. शास्त्रज्ञांनी आणि सामान्य नागरिकांनी आवाज उठविला, तेव्हा खर्चास मर्यादा घालून काम चालू ठेवण्याचे ठरले. २०१८ साली चाचणीच्या वेळी छत्राच्या आवरणाचे काही स्क्रू आणि वॉशर गळून पडले, तेव्हा पुन्हा विलंब झाला आणि पुन्हा टीका झाली. ती टीका सर्वस्वी अनाठायी होती असेही म्हणता येणार नाही. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या कार्यास हिशेब द्यावाच लागतो, हे महाजनसंस्थेच्या सभासदांस सांगावयास नको.

विलंबाचे खरे कारण मात्र निराळे होते. हबलचा आरसा सदोष घासला गेला होता आणि तिची पहिली चित्रे अंधुक आली. परंतु ती पृथ्वीपासून सहाशे किलोमीटरांच्या आत फिरत असल्यामुळे डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तेथे जाऊन दुरुस्ती केली. वेब दुर्बिणीस अशी संधीच नव्हती. पंधरा लाख किलोमीटरांवर कोणी पाना घेऊन जाणार नव्हते. त्यातही ही दुर्बीण इतकी मोठी की, कोणत्याही अग्निबाणाच्या टोकात ती उघड्या रूपात मावेना. म्हणून छत्र, आरसे, सारे काही घड्या घालून पाठवावयाचे आणि वाटेत आपोआप उलगडावयाचे, असे ठरले. ज्यांतील एक जरी फसले तरी सारे कार्य धोक्यात यावे, अशा ३४४ जागा अभियंत्यांनी मोजल्या होत्या.

दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामधील कुरू येथून युरोपच्या आरियान-५ अग्निबाणाने ती नाताळच्या दिवशी निघाली. उड्डाण इतके अचूक झाले की, वाटेत मार्ग सुधारण्यासाठी राखून ठेवलेले बरेचसे इंधन शिल्लक राहिले. दहा वर्षे तरी ती चालावी अशी अपेक्षा होती. ते इंधन आता वीस वर्षांहून अधिक पुरेल असा अंदाज आहे. ४ जानेवारी २०२२ रोजी छत्राचे पाचही पदर ताणले गेले, ८ जानेवारीस आरशाचे पंख उघडले आणि २४ जानेवारीस दुर्बीण आपल्या नियोजित स्थानी पोहोचली. ३४४ पैकी एकही जागा फसली नाही.

तरीही ती अद्याप पाहू शकत नव्हती. प्रारंभी एकाच ताऱ्याचे अठरा आरशांनी अठरा ठिपके दाखविले. एकेका आरशास केसाच्या जाडीच्या हजारो भागांपैकी एका भागाइतके हलवीत हलवीत ते अठरा ठिपके एकत्र आणण्यात आले, तेव्हा अठरा आरशांचा एक आरसा झाला. ह्या कामास महिने लागले.

११ जुलै २०२२ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पहिले चित्र जाहीर झाले. हात लांब करून धरलेल्या वाळूच्या कणाने आकाशाचा जेवढा भाग झाकला जाईल, तेवढ्याच भागाचे ते चित्र. त्यात हजारो दीर्घिका होत्या. मध्यभागी दिसणाऱ्या दीर्घिकासमूहाचा प्रकाश ४६० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपली पृथ्वी घडण्याच्या सुमारास निघालेला. त्या समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकून कमानीसारखा झाला होता. निसर्गानेच तेथे एक भिंग धरले होते. असे चित्र घेण्यास हबलला आठवडे लागत. येथे साडेबारा तास पुरले.

दुसऱ्या दिवशी आणखी चित्रे आली. त्यांतील दोहोंचा उल्लेख येथे पुरेसा आहे. एक होते सुमारे ७६०० प्रकाशवर्षांवरील कॅरिना तेजोमेघाचे. पूर्वी जेथे धुळीची भिंत तेवढी दिसत होती, तेथे शेकडो नवजात तारे प्रकट झाले. दुसरे होते स्टीफनच्या पंचकाचे. एदुआर स्टीफन ह्यांनी १८७७ साली मार्सेय येथून शोधलेला हा पाच दीर्घिकांचा पुंजका. चित्रात पाचही शेजारी नांदताना दिसतात. वस्तुतः त्यांतील चार सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षांवर आहेत आणि पाचवी केवळ ४ कोटींवर. ती त्यांच्या कुटुंबातली नव्हे. वाटेत उभी राहिल्यामुळे त्यांच्यातली वाटते, इतकेच.

आता एक शंका पुष्कळांच्या मनात येते आणि ती रास्त आहे. प्रकाश जर अदृश्य, तर चित्रांत हे निळे, सोनेरी, तांबडे रंग आले कोठून? ही चित्रे रंगवून तर दाखवीत नाहीत? दुर्बीण वेगवेगळ्या गाळण्यांतून केवळ कमीअधिक उजळपणा टिपते आणि रंग मागाहून भरले जातात, हे खरे. परंतु ते मन मानेल तसे भरीत नाहीत. सर्वांत आखूड अवरक्त लहरींस निळा, मधल्यांस हिरवा-पिवळा आणि सर्वांत लांब लहरींस तांबडा, असा क्रम राखला जातो. एखादा गायक पांढरी पाच ह्या पट्टीतील पद काळी एकमध्ये उतरवून म्हणतो, तेव्हा प्रत्येक स्वर बदलतो, पण स्वरांमधील अंतरे तीच राहतात आणि राग मोडत नाही. तद्वत येथेही आपल्या डोळ्यांच्या पट्टीबाहेरचे गाणे आपल्या पट्टीत आणलेले असते. रंग भाषांतरित आहेत, खोटे नव्हेत. उलट, चित्रांतील ताऱ्यांभोवती दिसणाऱ्या टोकदार शलाका त्या ताऱ्यांच्या मुळीच नव्हेत. आरशाच्या षट्कोनी कडा आणि पुढील आरशास धरणारे दांडे ह्यांमुळे त्या उमटतात. जे रंगविलेले वाटते ते खरे आणि जे खरे वाटते ते यंत्राचे, अशी ही गंमत आहे.

ह्या दुर्बिणीचे सर्वांत मोठे काम म्हणजे विश्वाच्या बाल्याचा शोध. प्रचलित सिद्धांताप्रमाणे विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. आरंभीच्या काळातील दीर्घिका लहान, फिकट आणि विरळ असाव्यात अशी अपेक्षा होती. वेबने दाखविल्या त्या अपेक्षेहून अधिक तेजस्वी आणि अधिक संख्येने. २०२२ आणि २०२३ मध्ये ह्यावरून मोठी खळबळ उडाली. महास्फोटाचा सिद्धांत कोसळला, अशा बातम्या सर्वत्र झळकल्या. शास्त्रज्ञांनी मात्र आधी मोजमाप तपासावयास घेतले. केवळ रंगावरून अंतर ठरविणे हा अंदाज असतो. त्या प्रकाशाचा वर्णपट घेतला म्हणजेच खरे अंतर कळते. रंगावरून विश्वाच्या जन्मानंतर अवघ्या २४ कोटी वर्षांच्या सुमाराची म्हणून गाजलेली एक दीर्घिका वर्णपटात १२० कोटी वर्षांनंतरची निघाली. जवळच्या पण धुळीने माखलेल्या वस्तूने दूरचे सोंग घेतले होते. परंतु सर्वच सोंगे नव्हती. २०२४ साली जाहीर झालेली एक दीर्घिका विश्वजन्मानंतर सुमारे २९ कोटी वर्षांची आणि २०२५ साली जाहीर झालेली दुसरी सुमारे २८ कोटी वर्षांची, हे वर्णपटानेच सिद्ध झाले. महास्फोटाचा सिद्धांत त्यामुळे कोसळला नाही. पण पहिले तारे आणि दीर्घिका किती त्वरेने घडल्या ह्याविषयीच्या कल्पनांस दुरुस्ती करणे भाग पडले, आणि ते काम अजून संपलेले नाही.

ह्या प्रसंगी कोल्हापूरला जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर ह्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. फ्रेड हॉईल ह्यांच्यासमवेत त्यांनी महास्फोटास पर्यायी अशी मांडणी केली आणि ती दीर्घकाळ निष्ठेने पुढे नेली. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. तथापि बहुमत हे प्रमाण नव्हे, हे त्यांनी आपल्या उदाहरणाने मराठी वाचकांच्या पिढ्यांस शिकविले. २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

त्याच पुण्यातून, त्याच वर्षाच्या अखेरीस, एक आनंदाची वार्ता आली. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधक राशी जैन आणि योगेश वाडदेकर ह्यांनी वेबने टिपून सर्वांस खुल्या केलेल्या माहितीतून एक सर्पिल दीर्घिका शोधली. विश्वाचे वय सुमारे १५० कोटी वर्षे असतानाची ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेसारखीच दोन सुडौल भुजा पसरून बसलेली आहे. इतक्या लहान वयाच्या विश्वात दीर्घिका ओबडधोबड आणि विस्कळीत असाव्यात असे मानले जाई. तिचे नाव त्यांनी अलकनंदा ठेवले. हिमालयातील मंदाकिनी नदीची भगिनी ती अलकनंदा, आणि मंदाकिनी हे आकाशगंगेचेही नाव आहे. दुर्बीण उभारणाऱ्या देशांत भारत नव्हता, तरी तिच्या माहितीचे दार त्याला बंद नव्हते. ह्या दुर्बिणीचा वेळ मागणाऱ्या अर्जांची परीक्षाही अर्जदाराचे नाव आणि संस्था परीक्षकांपासून झाकून होते.

शेवटचा विषय परक्या सूर्यांभोवतीच्या ग्रहांचा. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश त्या ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो, आणि त्यावर तेथील वायूंची खूण उमटते. ह्याच रीतीने ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ७०० प्रकाशवर्षांवरील एका वायुरूप ग्रहावर कर्बद्विप्राणिद वायू निःसंदिग्धपणे आढळला. परग्रहावर त्याचा असा स्पष्ट पुरावा प्रथमच मिळाला. ४० प्रकाशवर्षांवरील ट्रॅपिस्ट-१ ह्या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढ्या आकाराचे सात ग्रह आहेत. त्यांतील सर्वांत आतला सुमारे २३० अंश तापलेला, बहुधा वातावरणहीन आहे, असे २०२३ साली कळले. त्याच्या शेजाऱ्यावरही शुक्रासारखे दाट वातावरण आढळले नाही.

सर्वांत अधिक गाजला तो १२४ प्रकाशवर्षांवरील के२-१८बी हा ग्रह. केंब्रिज विद्यापीठातील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०२३ साली तेथे मिथेन आणि कर्बद्विप्राणिद सापडल्याचे सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी आणखी एका पदार्थाच्या खुणा दिसल्याचे जाहीर केले. हा पदार्थ पृथ्वीवर मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म वनस्पती निर्माण करतात. लगेच जगभर 'परग्रहावर जीवसृष्टी' अशी वार्ता पसरली. वास्तविक ही खूण केवळ योगायोगाने उमटण्याची शक्यता हजारांत तीन एवढी होती, आणि शोध म्हणून मान्यता मिळण्यास लागणारी कसोटी ह्याहून फार कठोर आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते. इतर गटांनी तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा पुरावा पुरेसा नाही असे त्यांस आढळले. म्हणजे तेथे जीवसृष्टी नाही असे सिद्ध झाले काय? तसेही नव्हे. पुरावा नसणे आणि नसल्याचा पुरावा असणे ह्यांत भेद आहे. घरातल्या तरुणांनी हा भेद ध्यानी घेतला, तर आज वाऱ्यावर येणाऱ्या शंभर बातम्यांपैकी नव्वद बातम्यांपासून त्यांचे रक्षण होईल.

बंधुभगिनींनो, पुढच्या दुर्बिणीचा विचार करा असे ज्यांनी प्रथम सांगितले, त्या जाकोनी ह्यांचे डिसेंबर २०१८ मध्ये निधन झाले. उड्डाण तीन वर्षे दूर होते. हजारो अभियंते, कारागीर आणि हिशेबनीस ह्यांनी आपल्या नोकरीची सारी वर्षे एका कामास वाहिली आणि त्यांतील कित्येक पहिले चित्र येण्यापूर्वी निवृत्त झाले. ज्यांनी पाया घातला त्यांस कळस दिसलाच पाहिजे असा नियम नाही, हे ज्या कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या एखादी संस्था सांभाळली आहे त्यांस ठाऊकच आहे. वेब दुर्बीण आज तिच्या जागी फिरत आहे आणि तिचे इंधन आणखी बरीच वर्षे पुरणार आहे. तिच्या माहितीचा फार मोठा भाग अजून कोणी बारकाईने वाचलेलाही नाही. अलकनंदा अशाच खुल्या माहितीत पडून होती. ती शोधण्यास हजार कोटी डॉलर लागले नाहीत. गणिताची तयारी, एक संगणक आणि बसून पाहण्याचा धीर एवढ्यावर भागले. आपल्या घरांतील ज्या मुलामुलींस गणिताची आवड आहे, त्यांना हे अवश्य सांगावे.